टॉकीजच्या भिंतीवरची कोकिळाबाई

समितीपुढे कोकिळाबाईंचं नाव मी सुचवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यातला आपापला वाटा सगळ्यांनी झटकून टाकला. मला माझा झटकता आलेला नाही.

मी तामखेड्याच्या हायस्कुलात तीस वर्षं चित्रकला शिकवतो. गावात मला प्रेमराज सर म्हणतात. तामखेडे फैजपूरच्या पुढे, चारी बाजूंनी केळीच्या बागा असलेलं गाव. बायपास झाला तेव्हा बसस्टँड तिकडे गेलं, मागोमाग कपड्यांची आणि मोबाइलची दुकानं गेली. जुन्या पेठेत एक भांडीवाला, दोन शिंपी आणि गुरुवारचा बाजार एवढंच उरलं. जयश्री टॉकीज बंद पडून अकरा वर्षं झाली होती. तिची एकही खिडकी नसलेली तीन मजली भिंत भाजीबाजारावर उभी होती, आणि दुपारी चारनंतर तिची सावली सगळ्या बाजारावर पडायची.

नगराध्यक्षा पुनमताई तरुण होत्या, जळगावात शिकलेल्या. भिंती रंगवून मेलेल्या पेठा जिवंत झाल्याचं त्यांनी कुठेतरी पाहिलं होतं. सुशोभीकरणाच्या स्पर्धेत गावाचं नाव गेलं, समिती नेमली गेली, आणि चित्रकलेचा मास्तर म्हणून मला तीत घेतलं. टॉकीजच्या भिंतीवर काय काढायचं यावर दोन बैठका भांडणात गेल्या. एकाने एका थोर पुरुषाचं नाव घेतलं की दुसरा दुसऱ्या थोर पुरुषाचं घ्यायचा आणि तिसरा उठून बाहेर जायचा. तिसऱ्या बैठकीत मी म्हणालो, बाजाराची भिंत आहे, तर बाजारातलंच माणूस काढा. कोण, असं पुनमताईंनी विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून कोकिळाबाईंचं नाव आलं.

कोकिळाबाई भरिताची वांगी विकत. हिवाळ्यात कपाशीच्या काड्यांवर तिथंच भाजून द्यायच्या. त्यांच्याभोवती तो धुराचा, जळक्या सालीचा वास कायम असायचा. वय चव्वेचाळीस-पंचेचाळीस. चौदा वर्षांपूर्वी कडेवर दोन-अडीच वर्षांची मुलगी घेऊन त्या गावात आल्या. नवरा वारला, चोपड्याकडची आहे, असं त्यांनी सांगितलं आणि गावाने ऐकलं. पालेभाजी विकणाऱ्या ताईबाई नावाच्या म्हातारीने त्यांना मागची खोली भाड्याने दिली आणि बाजारात आपल्या शेजारची जागा दिली. मुलगी भूमिका आता फैजपूरच्या कॉलेजात बारावीला होती. कुणाशी भांडण नाही, कुणाकडे जाणं-येणं नाही. चेहरा मात्र असा होता की चित्रकाराने पाहिला तर सोडू नये. गालफडं रुंद, आणि डोळ्यांचे बाहेरचे कोपरे किंचित खाली उतरलेले. त्यामुळे त्या हसल्या की सगळा चेहरा हसतोय असं वाटायचं.

मी विचारायला गेलो तेव्हा त्या नको म्हणाल्या. ताईबाईंचं काढा, त्या जुन्या आहेत, म्हणाल्या. मी गावाचं, पेठेचं, तिथं बसणाऱ्या बायांचं भलं होईल असं बरंच बोललो. त्या वांग्यांवर पाणी शिंपडत ऐकत होत्या. शेवटी एकच प्रश्न विचारला.

"सर, पेपरात येईल का हे?"

मला हसू आलं. तामखेड्याला कोण विचारतंय, मी म्हणालो. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, आणि त्यांचं न बोलणं म्हणजे होकार असं मी समितीला कळवलं.

जळगावहून ललित नावाचा चित्रकार चार पोरं घेऊन आला. पहिले दोन दिवस तो नुसता बाजारात फिरला. कोकिळाबाईंचं तोंड एरवी पदराआड असायचं. एका दुपारी ताईबाईंच्या कोथिंबिरीच्या जुड्या शेळीने पळवल्या, तेव्हा त्या मनापासून हसल्या आणि ललितने तो क्षण मोबाइलमध्ये टिपला. पुढचे नऊ दिवस बांबूच्या परांचीवर चढून त्याने तो भिंतीवर उतरवला. आधी चौकटी आखल्या, मग हनुवटी आली, मग ओठ, मग चार-चार फुटांचे डोळे. गावातली माणसं चहा घेऊन खाली उभी राहायची. कोकिळाबाईंनी त्या नऊ दिवसांत मान वर केली नाही.

शेवटच्या दिवशी मी शाळेतून आलो तर चित्राच्या कपाळावर कुंकू होतं, परातीएवढं, लालभडक. मी ललितला बाजूला घेतलं. तो गोंधळला. समितीतलं कुणीतरी म्हणालं की कपाळ मोकळं बरं दिसत नाही, त्याने लावून टाकलं. बाजारातल्या बाया आपसात कुजबुजत होत्या. मी कोकिळाबाईंकडे गेलो, माफी मागितली, आत्ता पुसायला लावतो म्हणालो. त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा वर पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिल्या. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"राहू द्या," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, बाई मनाने मोठी आहे.

चित्राने काम केलं, हे नाकारता येणार नाही. आठवड्याभरात फैजपूर, यावलहून कॉलेजची मुलं फोटो काढायला येऊ लागली. भिंतीखाली भरीत-पुरीच्या दोन गाड्या लागल्या. बंद पडलेल्या रसवंतीचं शटर उघडलं. भांडीवाल्याने दुकानाला रंग दिला. संध्याकाळी सहालाच सुनसान होणारी पेठ नऊपर्यंत जागी राहू लागली. आणि जळगावच्या एका दैनिकात पाव पानभर फोटो छापून आला. खाली लिहिलं होतं: 'तामखेड्याच्या भरीतवाल्या कोकिळाबाई'. मी ते पान कापून शाळेच्या फळ्यावर लावलं. भूमिकाने तो फोटो मोबाइलवर ठेवला आणि मैत्रिणींना पाठवला, मैत्रिणींनी आणखी कुणाकुणाला पाठवला.

कोकिळाबाईंचा धंदा दुप्पट व्हायला हवा होता. झालं उलटंच. त्या भिंतीकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड करून बसू लागल्या. गिऱ्हाइकाशी बोलतानाही डोळे रस्त्यावर. एखादी मोटारसायकल जवळ येऊन थांबली की हातातला तराजू थांबायचा. ताईबाई मला म्हणाल्या, ही रात्रीची कडी दोनदा तपासते, आणि दाराआड पाट लावून झोपते. मी म्हणालो, अचानक नाव झालं की माणूस बावरतं.

जानेवारीतल्या एका गुरुवारी मी तो माणूस पहिल्यांदा पाहिला. एकवीस-बावीसचा असेल. शर्टाच्या बाह्यांवर ग्रीसचे डाग. टॉकीजसमोरच्या सिमेंटच्या बाकावर तो बसला होता. सगळे भिंतीकडे पाठ करून मोबाइल वर धरून हसत होते. हा भिंतीकडे तोंड करून बसला होता आणि मोबाइल खिशात होता. तासाभराने मी परत आलो तेव्हाही तो तसाच होता. मग उठला, कोकिळाबाईंपाशी गेला, किलोभर वांगी मागितली, मोबाइलवरून पैसे दिले, आणि वांगी न घेताच निघून गेला. कोकिळाबाईंनी ती पिशवी बाजूला ठेवली. विसरला असेल, परत येईल, म्हणाल्या.

तो पुढच्या गुरुवारी आला. पुन्हा बाकावर बसला, पुन्हा किलोभर वांगी तोलून घेतली आणि पुन्हा तिथंच टाकून गेला. आधीची पिशवी तोवर सडली होती. तिच्यातून काळं पाणी सुटलं होतं, पण कोकिळाबाईंनी ती फेकली नव्हती.

तिसऱ्या गुरुवारी मी मुद्दाम जवळ जाऊन उभा राहिलो. तीस वर्षं मी मुलांना चेहरे काढायला शिकवलंय. डोळ्यांची ठेवण आधी बघा, मग बाकीचं, असं मी वर्गात सांगतो. त्याच्या डोळ्यांचे बाहेरचे कोपरे किंचित खाली उतरलेले होते. भिंतीवर ते डोळे हसत होते. या चेहऱ्यावर ते हसत नव्हते, आणि त्यामुळे ते कसे दिसतात हे मला तेव्हा कळलं. मी त्याच्याशी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत कोकिळाबाई माझ्या वर्गात आल्या. शाळेत त्या कधी आल्या नव्हत्या. उभ्या उभ्याच विचारलं, "सर, ते चित्र पुसता येईल का?"

मी त्यांना बसवलं. मग जे गावाने चौदा वर्षांत ऐकलं नव्हतं ते त्यांनी मला अर्ध्या तासात सांगितलं.

त्या चोपड्याच्या नव्हत्या. शिंदखेडा तालुक्यातलं एक खेडं त्यांचं सासर. नवरा अभिमन जिवंत होता. शेतीवाडी बरी, चारचौघांत बोलायला गोड. घरात मात्र संशयी होता. शेतात जाताना बाहेरून कुलूप लावायचा. एकदा त्याने नांगराच्या खिळीने त्यांचं मनगट मोडलं. ते वाकडंच जुळलं होतं, त्यांनी मला दाखवलं. दोन मुलं होती, सात वर्षांचा दीपक आणि भूमिका. एका दुपारी अभिमन कुलूप विसरला. एकची धुळ्याची गाडी होती. दीपक शाळेत होता आणि शाळेतला मास्तर अभिमनचा चुलतभाऊ होता. मुलाला न्यायला गेलं असतं तर गाडी यायच्या आत बातमी शेतात पोचली असती. त्या मुलीला घेऊन गाडीत बसल्या. महिन्याभरात कुणाच्या तरी हाताने मुलाला आणवून घेऊ, असं त्यांनी ठरवलं होतं.

"महिना झाला, मग भीती वाटली. मग वर्ष झालं," त्या म्हणाल्या. "मग कोणत्या तोंडाने जाऊ?"

नंतर कधीतरी धुळ्याच्या बाजारात माहेरकडची एक बाई भेटली. तिच्याकडून कळलं की अभिमनने बायको मेली असं सांगून पिठाचा पुतळा केला आणि मुलाच्या हाताने त्याला अग्नी दिला. सात वर्षांच्या पोराचं डोकं भादरलं. इकडे भूमिकाला त्यांनी बाप मेला असं सांगितलं होतं. आपल्याला एक भाऊ आहे हेही तिला ठाऊक नव्हतं.

तो दीपकच कशावरून, असं मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग म्हणाल्या, तो बोलत नाही. शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. पैसे देतो, तराजूकडे बघतो आणि जातो. मला त्याची भीती वाटते, सर, माझ्याच लेकराची.

मी पुनमताईंकडे गेलो. खरं कारण सांगण्याचा मला हक्क नव्हता, म्हणून बाईंना संकोच होतो एवढंच सांगितलं. पुनमताई वाईट नव्हत्या. पण स्पर्धेची पाहणी पंधरा दिवसांवर आली होती, आणि सगळी पेठ त्या एका चेहऱ्यावर उभी होती. पाहणी होऊ द्या, मग हवं तर दुसरं काढू, त्या म्हणाल्या. मी तो निरोप कोकिळाबाईंना दिला. त्यांनी मान हलवली.

पाहणीच्या आदल्या सकाळी दूधवाल्याने आरडाओरड करून पेठ जागी केली. मी पोचलो तेव्हा भिंतीखाली शंभरेक माणसं उभी होती. टॉकीजच्या गच्चीवरून कुणीतरी जळकं ऑइल ओतलं होतं. ते केसांतून कपाळावर आलं होतं, कुंकवावरून दोन्ही डोळ्यांत उतरलं होतं आणि हसऱ्या ओठांपर्यंत येऊन थेंब थेंब खाली पडत होतं. भरिताच्या गाडीच्या पत्र्यावर त्याचा टप टप आवाज येत होता.

दहा वाजेपर्यंत गावात हजार अर्थ निघाले. कुणी म्हणालं विरोधकांनी केलं, कुणी आणखी वाईट बोललं, कुणाकुणाच्या गल्लीची नावं घेतली गेली. दुकानांची शटरं पटापट खाली आली. पोलिसांची गाडी दोनदा फिरून गेली. त्या दिवशी गावात काहीही होऊ शकलं असतं. झालं नाही, कारण ज्याने केलं तो पळालाच नव्हता. तो समोरच्या बाकावर बसून होता. कोपरापर्यंत हात काळे, पायाशी रिकामा डबा. गर्दीला तो दिसला नाही, कारण सगळे वर बघत होते. पोलीस शिपायाने विचारलं, तू केलंस का, तर तो हो म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.

ठाण्यात पुनमताई होत्या, मी होतो. कोकिळाबाईंना जबाबासाठी बोलावलं तेव्हा भूमिकाही आली, आईचं चित्र खराब करणाऱ्याला बघायला. साहेबांनी त्याला नाव विचारलं. दीपक अभिमन, असं त्याने आडनावासह सांगितलं. धंदा, ट्रॅक्टर गॅरेज. का केलंस, यावर तो पहिल्यांदा सलग बोलला.

"त्या बाईचं मी मर्तिक केलंय. टक्कल केलं होतं माझं. मेलेल्या माणसाला असं हसताना बाजारात लावतात का?"

साहेबांनी लेखणी थांबवली. हा वेडा आहे का, अशा नजरेने त्यांनी आमच्याकडे पाहिलं. कोकिळाबाई पुढे झाल्या. चौदा वर्षं त्या आमच्या बाजूची बोली बोलत होत्या, ताईबाईंकडून शिकलेली. त्या क्षणी ती गळून पडली आणि त्यांच्या तोंडून पश्चिमेकडची अहिराणी आली.

"साहेब, हाऊ मना पोऱ्या शे." हा माझा मुलगा आहे.

भूमिकाने आईकडे पाहिलं, मग त्या काळ्या हातांच्या मुलाकडे, मग पुन्हा आईकडे. ती भिंतीला टेकली आणि हळूहळू खाली बसली. तिच्याजवळ जायला हवं हे मला सुचलं नाही.

दीपक आईकडे वळला. रडला नाही, आवाजही चढवला नाही.

"माले लेवाले शाळामा काब्र नही उनी?"

मला न्यायला शाळेत का आली नाहीस. चौदा वर्षं त्याने एवढा एकच प्रश्न सांभाळून ठेवला असावा. कोकिळाबाईंपाशी सांगायला पुष्कळ होतं. मास्तर नवऱ्याचा चुलतभाऊ होता, गाडी एकची होती, मनगट मोडलेलं होतं. त्यातलं त्यांनी काहीही सांगितलं नाही.

"माले भ्याव वाटनं," त्या म्हणाल्या. मला भीती वाटली.

त्याने मान हलवली, जणू हिशेब जुळला नाही तरी उत्तर मिळालं.

पुनमताईंनी तक्रार मागे घेतली. लेखी माफी घेऊन त्याला दुपारी सोडलं. मी त्याला बायपासच्या स्टँडवर सोडायला गेलो. माझ्या स्कूटरवर मागे बसून तो एकदाच बोलला. आबांनी, म्हणजे त्याच्या बापाने, पेपरातला तो फोटो पाहिलाय, म्हणाला. त्यांनीच आधी पाहिला. कुणाला काही बोलले नाहीत, नुसता कापला आणि घडी करून खिशात ठेवला. महिना झाला, तो खिशातच आहे.

"बाईला सांगा," तो म्हणाला. आई म्हणाला नाही. "दार लावून बसत जा म्हणावं."

धुळ्याकडे जाणारी गाडी आली. तो चढला आणि मागे वळून न बघता गेला.

पाहणी पुढे ढकलली गेली. ललितने येऊन भिंत आधी पांढरी केली, आणि यावेळी समितीने वाद न घालता केळीचे घड आणि मोर काढून घेतले. लोक त्यापुढेही फोटो काढतात. पेठ चालू राहिली, रसवंती चालू राहिली. भूमिका आईशी बोलायची बंद झाली. फैजपूरला मैत्रिणीच्या खोलीवर राहायला गेली. जाताना ताईबाईंना म्हणाली, माझा मेलेला बाप आणि भावाची मेलेली आई, घरात दोन मेलेली माणसं जिवंत झाली, आता कुणावर विश्वास ठेवू? दीपकचा निरोप मी कोकिळाबाईंना दिला आणि त्यांना शाळेच्या खिचडीच्या स्वयंपाकघरात काम मिळवून दिलं. तिथं भिंती होत्या आणि फाटकावर शिपाई होता.

मार्चच्या पहिल्या गुरुवारी अभिमन आला.

पांढरी टोपी, पांढरा सदरा, साठीचा माणूस. तो बाकावर बसला. खिशातून कागदाची घडी काढली, उलगडली, भिंतीकडे पाहिलं. तिथं मोर होता. त्याने पुन्हा कागदाकडे पाहिलं. संध्याकाळपर्यंत तो तिथंच होता, आणि कुणाला काही विचारलं नाही. पुढच्या गुरुवारी पुन्हा आला. तिसऱ्या गुरुवारी त्याने मला हाक मारली आणि ही बाई कुठे बसते असं विचारलं. गाव सोडून गेली, मी म्हणालो. त्याने 'बरं' म्हटलं आणि तो बसून राहिला. माझ्या खोटेपणाचा त्याला राग आला नाही, हे मला सगळ्यात भीतीचं वाटलं.

मी कोकिळाबाईंना सांगितलं. पोलिसांत अर्ज देऊ, म्हणालो. तो त्यांनी दिला. पण चौथ्या गुरुवारी शाळेला सुट्टी होती, आणि त्या वांग्यांची टोपली घेऊन आपल्या जुन्या जागेवर जाऊन बसल्या. ताईबाईंना काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी आपलं पोतं कोकिळाबाईंच्या पुढे ओढलं. आणखी तीन-चार बाया सरकून जवळ आल्या. मी शिंप्याच्या दुकानाच्या पायरीवर उभा होतो. हातात काही नव्हतं, आणि असतं तरी मी काय केलं असतं हे मला ठाऊक नाही.

अकराच्या सुमाराला अभिमन आला, त्याने पाहिलं आणि सरळ त्यांच्याकडे चालत गेला. तो टोपलीपुढे उभा राहिला. उजवा हात सदऱ्याच्या खिशात होता. कोकिळाबाईंनी मान वर केली आणि खाली घातली नाही. त्याने हात बाहेर काढला. त्यात तीच घडी होती, घामाने लोळागोळा झालेली.

"पोऱ्या कोठे शे?" त्याने विचारलं.

दीपक घरी पोचलाच नव्हता. त्या दुपारी धुळ्याच्या गाडीत बसला, त्यानंतर गॅरेजात गेला नाही, मित्रांकडे गेला नाही. मोबाइल बंद. बापाला वाटलं होतं, आईने ठेवून घेतला असेल. म्हणून तो तीन गुरुवार बसून मुलाची वाट पाहत होता. कोकिळाबाईंनी नाही म्हटलं, तेव्हा तो तिथंच मातीत उकिडवा बसला. ज्या माणसाच्या भीतीने त्या चौदा वर्षं झोपल्या नव्हत्या तो त्यांच्या पायाशी बसला होता, आणि त्यांना त्याच्याकडे बघायला फुरसत नव्हती. त्या माझ्याकडे बघत होत्या. गाडीत मीच बसवून दिलं होतं.

धुळ्याला हरवल्याची नोंद केली. मी स्वतः जाऊन स्टँडवर, गॅरेजांमधून विचारून आलो. भूमिका फैजपूरहून परत आली. आईशी जेमतेम बोलते, पण दर दोन दिवसांनी पोलिसांना फोन तीच करते.

एप्रिलमध्ये कोकिळाबाईंनी मला विचारलं, दीपकचा चेहरा भिंतीवर काढता येईल का. मोठा. पेपरात येईल, मोबाइलवर फिरेल, कुणीतरी ओळखेल. मी ललितशी बोललो. तो फुकट करायला तयार झाला, पुनमताईही नाही म्हणाल्या नाहीत. अभिमनने आधार कार्डाची प्रत आणून दिली. मी पेन्सिलने कच्चं रेखाटन केलं आणि कोकिळाबाईंना दाखवायला नेलं. त्यांनी तो कागद मांडीवर घेतला, त्या डोळ्यांवरून बोट फिरवलं, आणि मला परत दिला.

"नको," त्या म्हणाल्या. "त्याला कोणी विचारलंय?"

मे महिन्यात त्यांच्या मोबाइलवर एका अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडे कुणी बोललं नाही. मागे यंत्रांचा एकसारखा खडखडाट होता, यंत्रमाग चालतात तसा, आणि मिनिटभराने फोन बंद झाला. पुढच्या गुरुवारी पुन्हा आला, दुसऱ्या नंबरवरून. त्यांचा नंबर दीपककडे असणारच. वांग्यांचे पैसे त्याने त्याच नंबरवर पाठवले होते. भूमिकाने पोलिसांना सांगू म्हटलं, तर कोकिळाबाईंनी तिचा हात घट्ट धरला. हे मला भूमिकाने सांगितलं. मला पटलेलं नाही. त्या खडखडाटामागे तोच आहे की आणखी कुणी, तो बरा आहे की कुणी त्याला अडकवून ठेवलंय, कशाची खात्री नाही. पण त्यांनी सांगायला मनाई केली आहे, आणि त्या बाईच्या बाबतीत मी एकदा न विचारता ठरवून बसलो होतो.

अभिमन अजून दर गुरुवारी येतो. सकाळच्या गाडीने येतो, बाकावर बसतो, संध्याकाळच्या गाडीने जातो. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. त्याला फोनबद्दल ठाऊक नाही. काल गुरुवार होता. चारच्या पुढे कोकिळाबाईंच्या कमरेच्या पिशवीत मोबाइल वाजला. त्यांनी बाकाकडे पाठ केली, पदर कानावरून पुढे ओढला आणि फोन कानाला लावला. तोंड हलताना दिसत नव्हतं, पण मी शेजारी ताईबाईंच्या पोत्यापाशी होतो, मला ऐकू येत होतं. अभिमन त्यांच्या पाठीकडे बघत होता.

मग तो बाकावरून उठला.

त्या फोनमध्ये हलक्या आवाजात सांगत होत्या, या वर्षी वांगी बारीक आलीत, भूमिकाला बारावीला बरे मार्क पडले. अभिमन त्यांच्या मागे येऊन दोन हातांवर उभा राहिला होता. टोपी हातात घेतलेली. तो ऐकत होता.